बारावी मूठ

कोरीटमध्ये कोणीच समुद्र पाहिला नव्हता. पाणी म्हणजे तापी, आणि मोठं पाणी म्हणजे श्रावण-भादव्यात प्रकाशा गावच्या घाटाच्या पायऱ्या गिळून टाकणारी तापी. त्यापलीकडे पाण्याची कल्पना जात नसे. म्हणून १९४४ च्या चैत्रात तार आली आणि तिच्यात जहाज बुडाल्याचं निघालं, तेव्हा गजराबाईच्या डोळ्यांपुढे प्रकाशाच्या घाटावरची नावच आली. चार माणसं, दोन शेळ्या, एक नावाडी. तिला वाटलं, नाव उलटली तरी पोहणारा माणूस काठाला लागतोच. हिलालला पोहता येत होतं.

गजराबाई तेव्हा बावीस वर्षांची. लग्नाला सात वर्षं झालेली, मूलबाळ नाही. नवरा हिलाल नंदुरबारच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाठींची मोटार चालवायला शिकला आणि तिथूनच धुळ्याला जाऊन लष्करात ड्रायव्हर म्हणून भरती झाला. घरी विचारलं नाही. थोरला भाऊ चुडामण आठ दिवस त्याच्याशी बोलला नाही, नवव्या दिवशी स्वतःच गाडी जुंपून त्याला स्टेशनावर सोडून आला. मागे घरात चुडामण, त्याची बायको सुंदरबाई, म्हातारी आई तापीबाई आणि गजराबाई राहिले. सुंदरबाईच्या दोन्ही मुली सासरी गेल्या होत्या. हिलालची पत्रं भावाच्या नावे येत. त्यांत बैलांची चौकशी असे, आईच्या गुडघ्यांची असे. बायकोचं नाव घालायची रीत नव्हती. ‘घरातील सर्वांस’ या दोन शब्दांत गजराबाई असे, आणि तिला तेवढी जागा पुरत होती.

तार इंग्रजीत होती. ती घेऊन चुडामण नंदुरबारला प्रेमचंद शेठकडे गेला. शेठच्या दुकानात मुंबईहून कापसाच्या भावाच्या तारा यायच्या, म्हणून आसपासच्या खेड्यांतली कोणाचीही तार वाचायला तिथेच जाई. शेठने चष्मा लावला, तार वाचली, चष्मा काढला.

“बठा पहिले, चुडामणभाऊ.”

“उभाच बरा शे. सांगा.”

“जहाज बुडी गयं. हिलाल सापडना नही.”

“मरी गया?”

“तसं लिखेल नही.”

“मंग जित्ता शे?”

“तसं भी लिखेल नही, भाऊ.”

“मंग तार कशाले करी त्यासनी?” चुडामणचा आवाज चढला. “आम्हना बैल चुकना ते आम्ही दहा गावं फिरतस, पायना माग काढतस. इतला मानसं घी गयात आनि आते म्हंतस, सापडना नही!”

प्रेमचंदने तार पुन्हा वाचली. मग तिसऱ्यांदा वाचली. शब्द वाढले नाहीत. जहाजाचं नाव नव्हतं, कुठल्या समुद्रात ते नव्हतं, दिवस नव्हता. लढाई चालू असताना सरकार हे सांगत नाही, एवढं त्याने समजावलं आणि तार घडी करून चुडामणच्या मुठीत ठेवली.

घरी तापीबाईने सगळं ऐकून घेतलं. “सापडना नही म्हंजे कोठेतरी शे,” ती म्हणाली. “गजरा, कुंकू पुसानं नही.”

गजराबाई रडली नाही. रडणं म्हणजे कबूल करणं. पहिल्या दिवशी आवरलेलं रडू दुसऱ्या दिवशी जड झालं, आणि मग ते तसंच अंगात वागवायची सवय झाली. विहिरीवर बायका आधी गप्प होत, नंतर गप्पही होईनाशा झाल्या. “हिना कुंकूले आते सायबना कागद लागस,” एकीने दोर ओढता ओढता म्हटलं, आणि दुसरी फस्‌कन हसली. वैशाखात शेजारी लग्न निघालं. हळदीचं बोलावणं घेऊन आलेल्या बाईने सुंदरबाईला कुंकू लावलं आणि कोयरी घेऊन गजराबाईपुढे उभी राहिली. तिचं बोट कुंकवात बुडालेलं होतं, पण ते वर येईना. शेवटी तिने कोयरीच गजराबाईच्या हातात दिली.

“तूच लाई ले, माय.”

गजराबाईने स्वतःच्या हाताने कुंकू लावलं. लग्नाला मात्र ती गेली नाही.

श्रावणात कानबाई आली. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशातल्या घराघरांत ही देवी बसते, आणि तिच्या नैवेद्याला साऱ्या भाऊबंदांचे मिळून रोट, गव्हाच्या जाड पोळ्या, होतात. रोटाच्या गव्हाला मोजमाप असतं. कुळातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू, एक भरलेली मूठ आणि वर चिमूटभर. पाळण्यातल्या मुलाचीही मूठ असते, परगावी असलेल्याचीही. फक्त तो जिवंत हवा. मेलेल्याच्या नावाची मूठ रोटात पडली तर तो स्वतःच्या जागी कुळातला दुसरा माणूस घेऊन जातो, असं त्या भाऊबंदकीत धरत. ते कोणी तपासून पाहिलं नव्हतं. पाहायचं धाडस कोणाला होणार?

मुठी टाकायचा मान थोरल्या घरच्या कर्त्याचा, म्हणजे चुडामणचा. ओसरीवर सूप ठेवलं होतं. भाऊबंद भिंतीला टेकून बसले होते, बायका आतल्या दारात उभ्या होत्या. चुडामण एकेक नाव घेई, पोत्यात हात घाली, मूठ सुपात सोडी. स्वतःचं नाव घेतलं. मग चुलत्यांची, चुलतभावांची, त्यांच्या मुलांची. अकरा नावं झाली आणि तो हात झटकून उठायला लागला.

“हिलालनी मूठ?” तापीबाई भिंतीकडून म्हणाली.

चुडामण धोतराला हात पुसू लागला.

“चुडामण, मन्हा आंडोरनी मूठ कोठे शे?”

“माय, तो जित्ता व्हई ते पुढला साल मी त्यान्या दोन मुठी टाकसू. देवीना पाय धरसू.”

“आनि आज? आज तो काय खाई?”

“माय, मी त्याना भाऊ शे, वैरी नही!” चुडामणचे डोळे भरून आले होते, आणि इतक्या माणसांपुढे ते पुसायचीही त्याला लाज वाटत होती. “पन आठे अकरा जीव शेत. त्यामा दोन तान्हा शेत. उद्या कोनाले काही व्हयनं, मंग मी काय तोंड दखाडू?”

एका म्हाताऱ्या चुलत्याने मान डोलावली. “बरोबर शे त्यानं. अकरा.”

सूप आत आलं.

गजराबाई दारामागे उभी होती. सगळ्यांना वाटलं, एक मूठ कमी टाकली, काही बिघडलं नाही. तिला दिसत होतं ते वेगळं. देवी वर्षातून एकदा मोजायला बसते. आज तिने हिलालला मोजलं नाही, तर तो जिथे कुठे असेल, एखाद्या बेटावर, कोणाच्या कैदेत, परक्या दवाखान्यात, तिथे त्याच्यावरची देवीची नजर उठेल. तारेने त्याला मारलं नव्हतं. ही माणसं आज, अंघोळी करून, सोवळ्याने, देवीसमोर बसून त्याला मारत होती.

दळायला दोघी जावा बसल्या. न्हालेले केस मोकळे, मध्ये जातं. जात्याचा खुंटा दोघींच्या हातात आणि घास घालायचं काम सुंदरबाईकडे. सुंदरबाई या घरात आली तेव्हा हिलाल आठ वर्षांचा होता. त्याच्या डोक्यातल्या उवा तिने काढल्या होत्या, त्याच्या चोऱ्या सासूपासून लपवल्या होत्या. दोन घास दळून झाले तेव्हा गजराबाईने पदराची गाठ सोडली. घरच्या कणगीतले गहू होते. एक मूठ, वर चिमूटभर.

“बाई,” ती एवढंच म्हणाली.

जातं थांबलं. सुंदरबाईचा हात जात्याच्या तोंडावर होता. तिने गजराबाईच्या पदराकडे पाहिलं, मग ओसरीकडे पाहिलं. तिथून चुडामणच्या खोकण्याचा आवाज येत होता. मग तिने जात्याच्या तोंडावरून हात काढला.

“टाक,” ती म्हणाली. “आनि जल्मभर तोंड उघाडू नको.”

गजराबाईने मूठ सोडली. सुंदरबाईने खुंटा असा ओढला की गजराबाईचा खांदा हिसकला. पीठ सगळीकडून सारखंच पडत होतं, त्यात बारावी मूठ कुठली ते देवीलाच कळलं असेल.

त्या रात्री गजराबाईला तारेनंतर पहिल्यांदा गाढ झोप लागली.

भादव्यात, पोळा होऊन आठ-दहा दिवस झाले असतील, चुडामण बैलांसाठी बांधावरचं गवत कापायला गेला. पोटरीला काहीतरी चावलं. त्याला वाटलं काटा असेल. भारा बांधून होईपर्यंत पाय सुजला. गाडीतून घरी आणलं तेव्हा तो शुद्धीवर होता, बैलांना पाणी पाजलं का म्हणून विचारत होता. भगत आला, साप चावल्याची परीक्षा म्हणून कडुलिंबाचा पाला आला; तो कडू लागला नाही तर विष भिनलं असं समजत. पाला खाऊन तो म्हणाला, “गोड लागस.” हे ऐकून जमलेली माणसं एकमेकांकडे बघायची थांबली. दिवस मावळायच्या आत तो गेला.

सुंदरबाईच्या बांगड्या अंगणात फोडल्या. गजराबाईला आतल्या खोलीत बसवलं होतं. जिचा नवरा मोजायचा की नाही ते ठरलेलं नाही, अशी बाई त्या जागी नको, असं कोणीतरी म्हणालं होतं. बंद दाराआडून तिने काच फुटल्याचा आवाज ऐकला. प्रत्येक बांगडीगणिक तिला जात्यात सोडलेली ती मूठ दिसत होती.

तेराव्याला भाऊबंद बसले. देवीचं काही चुकलं का, याचा शोध चालला. रोट गावाबाहेरच्या कोणी खाल्ला का? विसर्जनाला उशीर झाला का? म्हातारा चुलता पुन्हा पुन्हा म्हणे, “मुठी ते बरोबर व्हत्यात. मी सोता मोजेल शेत. अकरा.” आत चुलीपाशी दोघी जावा पाठमोऱ्या बसल्या होत्या. एकीनेही मान वळवली नाही.

गजराबाईने वाट पाहिली की सुंदरबाई तिला मारेल, केस धरून ओढेल, सासूला सांगून टाकेल. यांपैकी काहीच झालं नाही. पंधराएक दिवसांनी गोठ्यात शेण गोळा करताना सुंदरबाई तिच्याजवळ येऊन उभी राहिली. उघडं कपाळ, उघडे हात.

“हिलाल जित्ता व्हवाले पाहिजे,” ती म्हणाली.

“हा, बाई.”

“तो जित्ता शे ते मूठ खरी व्हती. मंग साप म्हंजे नुसता साप.” ती थांबली. “आनि नही ते...”

पुढचं तिला बोलायची गरज नव्हती. आजवर गजराबाई नवऱ्याच्या जिवाची भीक मागत होती. आता तिला त्या एका जिवावर दोघी टांगलेल्या दिसत होत्या. हिलाल आला तर ती सवाष्ण होती. नाही आला तर विधवा नुसती नाही, दिराची मारेकरीण होती, आणि जात्यावरून हात काढणारी सुंदरबाई तिच्याहून जास्त. रोज संध्याकाळी सुंदरबाई हिलालच्या खबरीचा एकच प्रश्न विचारू लागली, “काही कयनं का?” रोज गजराबाई नाही म्हणून मान हलवी. एकाच घरात, एकाच चुलीवर, दोघी एकमेकींची राखण करत जगत होत्या.

पौषात खबर आली. जवळच्या धानोऱ्याचा दगा नावाचा माणूस लष्करातून सुट्टीवर आला होता. त्याचा एक हात भाजलेला होता, आणि तो हिलालच्याच जहाजावर होता.

नवरा गेल्यावर वर्षभर बाईने उंबरा ओलांडायचा नाही, असा रिवाज होता. सुंदरबाईने डोक्यावरून पदर ओढला आणि गजराबाईच्या आधी बाहेर पडली. तापीबाई गुडघ्यांमुळे चार पावलंही चालू शकत नव्हती. ती दारात बसून होती.

“जे व्हई ते सांगज्यात,” ती म्हणाली. “माले खोटं सांगू नका.”

दगा खाटेवर बसला होता. वय पंचविशीचं, पण बोलताना तो भिंतीच्या जवळ जाऊन बसे, उघड्या बाजूकडे पाठ करत नसे. हिलालची बायको आली म्हटल्यावर त्याने आईला चहा ठेवायला सांगितलं आणि चहा येईपर्यंत हवापाण्याचं बोलला. मग बोलायला दुसरं काही उरलं नाही.

“माघ महिना व्हता, वहिनी. आपलाकडे गहू पिवया पडी ऱ्हायना व्हई.”

सुंदरबाईने पदराआड बोटांवर महिने मोजायला सुरुवात केली. माघ, फाल्गुन, चैत्र.

दगा सांगत गेला. जहाज कुठे चाललंय ते कोणाला माहीत नव्हतं. चारी बाजूंना पाणी, आठ-आठ दिवस झाडाचं पान दिसायचं नाही. पाण्याकडे पाहिलं की हिलालला गरगरायचं. म्हणून तो वर येतच नसे. जहाजाच्या पोटात सगळ्यांत खालच्या मजल्यावर, लाकडी जिन्याच्या चार उतरणी खाली, त्याची झोपायची जागा होती. तिथे उकडायचं, पण पाणी दिसत नसे. तो म्हणे, आठे बरं वाटस, घरमा बसेलनागत वाटस.

“दुपारना जेवन व्हयनं व्हतं. मी वर उनू, तो खाले गया. मंग एक दणका, आनि लागीच दुसरा. जहाज अशी कलनी, जशी गाडीनं एक चाक निंघी गयं.”

भाजलेला हात त्याने मांडीखाली घेतला.

“मी जिनाना तोंडजोडे व्हतू. खाले देखं. जिनाच नव्हता. तुटी पडना व्हता. खाले मानसं एकमेकना खांदावर चढी ऱ्हायंतात. हिलालनी माले देखं. त्यानी हाक मारी, आपली बोलीमा. दगा, दोर टाक.”

“मंग?” गजराबाई म्हणाली.

“दोर नव्हता, वहिनी.”

चहावर साय धरली होती. दगाची आई दारात येऊन उभी राहिली आणि परत आत गेली.

“नही,” दगा म्हणाला. त्याचा आवाज आता अगदी लहान झाला होता. “माले माहीतच नही दोर व्हता का नव्हता. मी शोधाच नही. मी पळनू. एक बिडी अर्धी जळाले जितला येळ लागस, तितला येळमा जहाज पानीखाले गयं. मन्ही मायले भी मी हाई सांगेल नही.”

गजराबाई त्याच्याकडे बघत राहिली. तिला त्याचा राग यायला हवा होता. पण समोर बसलेला माणूस तिला ओळखीचा वाटला. तो काय वागवत होता ते तिला वजनासकट माहीत होतं.

“तू त्याले मरेल देखा नही ना?” तिने विचारलं.

“वहिनी,” तो म्हणाला, “तठून कोनी वर उना नही.”

चैत्र, वैशाख, जेठ, आखाड, श्रावण. सुंदरबाईची बोटं थांबली. मूठ पडली तेव्हा हिलालला जाऊन सहा महिने झाले होते.

उठताना दगा म्हणाला, लवकरच सरकारी कागद येईल, त्यात लिहिलेलं असेल. सुंदरबाई म्हणाली, येऊ दे. आता घरात कागद हातात घेणारं त्या दोघींशिवाय कोण होतं?

दोघी परतीच्या वाटेला लागल्या. दोन्ही बाजूंना हरभरा घाट्यांवर आलेला, ऊन उतरायला लागलेलं. गजराबाईच्या छातीत दहा महिन्यांचं रडू हलायला लागलं होतं. तिला वाटत होतं, घरी पोचावं, सासूच्या मांडीवर डोकं ठेवावं आणि एकदाचं मोकळं व्हावं. त्या तुटलेल्या जिन्याखालून वर बघणाऱ्या माणसासाठी कोणीतरी हंबरडा फोडायला हवा होता. तेवढा तर त्याचा हक्क होता.

कोरीटच्या शिवेवर सुंदरबाई थांबली.

“घरमा काय सांगशी?”

“खरं सांगसू, बाई. माय म्हने ना, खोटं सांगू नका.”

“सांग. मंग एकटी मायले सांगू नको. समदं गावले सांग, मन्हा धनीले कोनी मारं.”

“मूठ मी टाकी.”

“हात मी काढा,” सुंदरबाई म्हणाली. “माले त्याना खोकाना आवाज येत व्हता, गजरा. तो तठे खोकली ऱ्हायंता आनि मी हात काढा.”

गजराबाईने पदर सारखा केला आणि ती चालू लागली.

तापीबाई उंबऱ्यातच होती, सकाळी बसली होती त्याच जागी. दोघींना येताना पाहून ती उठायला गेली आणि चौकट धरून तशीच अर्धवट उभी राहिली.

“जित्ता शे, माय,” सुंदरबाई म्हणाली. पावलं थांबायच्या आतच म्हणाली. “दुसरा जहाजनी त्याले उचली लिया. दगानी सोता देखं.”

तापीबाईने तिच्याकडे पाहिलं नाही. ती गजराबाईकडे बघत होती.

“तू सांग.”

गजराबाई अंगणात उभी होती. खरं बोलली असती तर त्याच क्षणी तिला रडता आलं असतं. कुंकू गेलं असतं, बांगड्या गेल्या असत्या, पण हिलाल तिचा झाला असता, मेलेला का होईना, पुरता तिचा. शेजारी सुंदरबाई उघड्या कपाळाने उभी होती.

“हा, माय,” ती म्हणाली. “जित्ता शेत.”

तापीबाई खाली बसली. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि म्हाताऱ्या अंगाला झेपेल तेवढी रडली. मग पदराने डोळे पुसून तिने गजराबाईला जवळ ओढलं, आपल्या बाजूला उंबऱ्यावर बसवलं आणि तिचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

“दगानी देखा ना त्याले? कसा दिसे? बारीक व्हई गया व्हई मन्हा आंडोर.”

“थोडासा,” गजराबाई म्हणाली.